तेल न उडालेला माणूस

सगुण खाजेकाराच्या अंगावर तीस वर्षांत तेलाचा एक थेंब उडाला नव्हता. हे खुद्द सगुणाचं म्हणणं, आणि ते ऐकलेलं नाही असा माणूस चोपड्यापासून डिचोलीपर्यंतच्या कुठल्याही जत्रेत शोधून सापडायचा नाही. खाजं घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला तो आधी दोन्ही हात उलटसुलट करून दाखवी आणि मग खाजं दाखवी. बेसनाच्या बोटभर काड्या तळायच्या, आल्याच्या रसातल्या गुळाच्या पाकात घोळवायच्या, वर तीळ, इतकंच तर काम. पण सगुणाच्या लेखी ते करणारा जगात एकच होता, बाकीचे नुसते गॅस जाळत होते.

त्यातल्या त्यात श्रीनाथावर त्याचा विशेष जीव. श्रीनाथ डिचोलीचा. खाणी चालू होत्या तोवर त्याचे दोन ट्रक खनिज वाहत होते. खाणी बंद पडल्या तसे त्याने ट्रक विकले आणि कढई घेतली. सगुण म्हणायचा, "श्रीनाथाचा खाजा म्हणजे खनिजाचो ट्रक. अर्धो माल वाटेरच सांडता." आणि ते खोटंही नव्हतं. श्रीनाथाची पिशवी घरी नेऊन उघडली की काड्या एकीकडे आणि गुळाच्या खपल्या एकीकडे. सगुणाचं खाजं मात्र दाताखाली जाईपर्यंत थर सोडत नसे. म्हणून तर चोपड्यात, त्याच्या गावच्या माघातल्या जत्रेत, देवळासमोरच्या सुरंगीच्या झाडाखालची जागा त्याची. ती जागा म्हणजे त्याची आमदारकी. तिथे बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना नावं ठेवी.

तर अशा या माणसाला गेल्या गणेशचवथीच्या दोन दिवस आधी पाक चाखताना जीभ झोंबली.

"आलें नवा आसा. तिखट आसा," त्याने निकाल दिला.

बायको मालती, तिने बोट बुडवून चाखलं. "माका तर नाय लागला तिखट."

"तुका काय कळता पाकातला."

मालतीने बोट पदराला पुसलं. छत्तीस वर्षांच्या संसारात तिने हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं की ते तिला पंख्याच्या आवाजासारखं झालं होतं.

पण आलं जुनं झालं तरी तोंड काही बरं होईना. गालाच्या आतली कातडी सोलल्यासारखी, हिरड्या लालबुंद. चवथीच्या जेवणाला सगुणाने नुसती पेज घेतली, तीही गार करून. तोंड आलं म्हणून त्याने जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाल्ल्या. मग एका दातांच्या डॉक्टराने दाढ टोचते असं ठरवून दाढ काढली. तोंड होतं तसंच राहिलं, फक्त त्यात एक दाढ कमी झाली. सगुणाने त्या डॉक्टराचं नाव आपल्या नालायकांच्या यादीत श्रीनाथाच्या खाली लिहून टाकलं, आणि यादी तेव्हाही बरीच लांब होती.

दसऱ्याच्या सुमारास छातीवर पहिला फोड आला. करवंदाएवढा, पातळ, आत पाणी. दोन दिवसांनी खांद्यावर दुसरा, मग दंडावर, मनगटाच्या वर. फुटले की खाली लाल ओली जागा, आणि ती काही केल्या भरेना.

दुसरा कुणी असता तर डॉक्टरकडे गेला असता. सगुण दुकानात जाऊन लांब बाह्यांचे तीन शर्ट घेऊन आला. कारण उघड होतं. खाजेकाराच्या हातावर फोड म्हटल्यावर लोक काय म्हणणार? तेल उडालं म्हणणार. तीस वर्षांची कीर्ती एका फोडात बुडणार. तेव्हा हा गृहस्थ त्या उकाड्यात, पेटत्या चुलीपुढे, मनगटापर्यंत गुंड्या लावून बसू लागला. विचारलं तर म्हणे, थंडी वाजते.

शेवटी शर्ट कातडीला चिकटला तेव्हा मालतीने पाहिलं.

"ह्यां काय? तेल उडला?"

"तेल माझ्यार उडणा नाय."

"मग काय ह्यां?"

"घामोळा."

"असला घामोळा?" मालतीने कोमट पाणी आणलं आणि शर्टाची बाही इंचाइंचाने सोडवली. "शर्ट सोलतंय की तुमका सोलतंय, माकाच कळणा नाय."

दुसऱ्या दिवशी मालतीने शेजारणीकडून केळीचं पान मागून आणलं, अंथरायला, म्हणजे चादर चिकटू नये. शेजारणीने विचारलं, कशाला? झालं. संध्याकाळच्या आत बातमी नदीपलीकडे पोचली. इतका आनंद गावाला पंचायतीच्या निवडणुकीतही झाला नव्हता. देवस्थान कमिटीचा सेक्रेटरी रुद्रेश, ज्याला देवळाच्या घंटेपेक्षा स्वतःचा आवाज जास्त आवडतो, तो तिठ्यावर उभा राहून म्हणाला, "तीस वर्षांचा तेल एकदम उडला रे त्येच्यार."

त्यानंतर लोक बघायला येऊ लागले. चोपड्यात दर घराआड एक डॉक्टर आहे, फक्त शिकलेला कुणी नाही. एकाने भाजल्यावरचं मलम आणून दिलं. दुसऱ्याने सांगितलं की अंगात उष्णता, नुस्तें बंद करा. सगुणाने पंधरा दिवस मासे सोडले, त्या पंधरा दिवसांत फोड सहाचे अकरा झाले. तिसऱ्याने गाऱ्हाणं घालायला लावलं. देवाने ते ऐकलं असावं, पण उत्तर दिलं नाही.

मग कुणीतरी डिचोलीकडच्या बाबलीचं नाव काढलं. बाबली नागीण उतरवतो. काव, म्हणजे गेरू, कालवून नागिणीभोवती रेघ मारायची, म्हणजे तिचं तोंड आणि शेपूट जुळत नाही, ही त्याची विद्या. जुळलं तर माणूस गेला, असं तो प्रत्येकाला आधी सांगतो, म्हणजे वाचलेला प्रत्येक माणूस त्याच्यामुळे वाचतो. बाबलीने सगुणाला उघडं करून चारही बाजूंनी पाहिलं. तोंड कुठे, शेपूट कुठे, काहीच ठरेना.

"ही एक नागीण नाय," तो शेवटी म्हणाला. "ह्यो पुरो वंश आसा."

आणि त्याने सगुणाला गळ्यापासून कमरेपर्यंत कावेने रंगवला. तुळशीचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं. अंगणातलं वृंदावन आणि सगुण, दोन्ही एकाच रंगाचे झाले. मालतीने सुनेला हळूच सांगितलं, पूजेच्या वेळी बघून फुलं वाहा गो.

सून म्हणजे निखिलची बायको गौरवी. निखिल मोपाच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी कामाला, तो घरी फक्त झोपायला येतो. गौरवी शाळेत शिकवते आणि सासऱ्याला घाबरत नाही, हा तिचा गुन्हा सगुणाने अजून माफ केलेला नाही. ती म्हणाली, "पप्पा, उद्या मी रजा घेतलीय. मोठ्या इस्पितळात जायचं. कातडीच्या डॉक्टरकडे."

"कातडीचो डॉक्टर म्हणजे गजकर्णाचो डॉक्टर."

"मग आपण जाऊन त्याला सांगूया की आपल्याला गजकर्ण नाही."

सगुण गेला. पण कसा गेला? पहाटे उठून गरम पाण्याने नाहला. उकळलेल्या सुईने एकूण एक फोड फोडला. पुसून कोरडा केला. काव घासून काढली, निघाली नाही तिथे पावडर मारली. इस्त्रीचा शर्ट घातला. चार माणसांत जायचं तर नीटनेटकं जावं, ही त्याच्या घरची शिस्त.

डॉक्टर प्रिया. वय पोरीएवढं, डोळे मात्र वसुली अधिकाऱ्याचे. तिने शर्ट काढायला लावला आणि बराच वेळ पाहिलं.

"फोड कुठे आहेत, काका?"

"फोडले."

"सगळे?"

"मग? तुमच्याफुडे घाण घेऊन येवचा?"

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. "काका, फुटलेल्या जागेवरून मला एवढंच कळतं की इथे काहीतरी फुटलं. कशामुळे, कुठल्या थरात, ते गेलं वाहून. मला ताजा फोड पाहिजे. कालचा किंवा आजचा, आख्खा. त्यावर काव नको, हळद नको, मलम नको, पावडर नको. नवीन आला की तसाच घेऊन या."

असला डॉक्टर सगुणाने जन्मात पाहिला नव्हता. रोग बरा करायचा सोडून रोग सांभाळून आण म्हणते. वाटेत त्याने गौरवीला ते चारदा ऐकवलं. तोंडाचं मात्र त्याने तिथे काहीच सांगितलं नव्हतं. तोंड दातांच्या डॉक्टराकडचं, कातडी कातडीच्या डॉक्टराकडची. एका खात्याची तक्रार दुसऱ्या खात्यात कशाला न्यायची?

चौथ्या दिवशी सकाळी उजव्या हातावर फोड उगवला. आणि त्या घरात जी राखण सुरू झाली, तशी कुणी वासराचीसुद्धा करत नाही. सगुण हात पुढे धरून बसला, जणू हातात भरलेली समई आहे. बघायला येणारे लोक होतेच. ज्याला त्याला फोड फोडायचाच होता. एक म्हातारी तर केसातली पिन काढून पुढे सरसावली. मालतीने तिचा हात धरून तिला बाहेर नेऊन चहा पाजला.

त्याच दिवशी रुद्रेश आला. अंगणातच उभा राहिला, पायरीच्या चार हात अलीकडे. तोंडावर रुमाल.

"सगुणदा, कमिटीची मिटिंग झाली. कोणाचो काय राग नाय तुमच्यार. पण लोक खातत तुमच्या हातचा. उद्या एखाद्याक लागला तर देवस्थानाचा नाव."

"काय लागला तर?"

"ह्याच. तुमका झाला ता."

"माका काय झाला?"

रुद्रेशाने रुमाल सारखा केला. "ता आमका काय म्हायत?"

"मग काय लागतला ता बरा म्हायत तुमका."

"ह्या माघाक सुरंगीखाली श्रीनाथ बसतलो," रुद्रेश रुमालातून म्हणाला. "डॉक्टराचा पत्र आणून दाखवा लागणा नाय म्हणान, तर बघूया." आणि गेला.

सगुणाने त्या दिवशी कुणाला नावं ठेवली नाहीत. मालती म्हणते, तेव्हा तिला पहिल्यांदा भीती वाटली. अंगावर अकरा फोड आले तेव्हा नाही, दाढ गेली तेव्हा नाही. जेवणाच्या ताटावर तो एवढंच म्हणाला, "श्रीनाथ. सुरंगीखाली." आणि पेज बाजूला सारली.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात जाताना स्कूटर नको म्हणाला, बस नको म्हणाला. गौरवीच्या मैत्रिणीची गाडी आली. पूर्ण वाटभर प्रत्येक गतिरोधकावर हा हात उंच धरून "सावकाश" म्हणत होता. फोड पोचला. आख्खा.

"शाबास," डॉक्टर प्रिया म्हणाली. सगुणाला तीस वर्षांत खाज्याबद्दल इतकं मनापासून कुणी शाबास म्हटलं नव्हतं.

"डॉक्टर, ह्यांचं तोंडही चवथीपासून आलेलं आहे," गौरवी म्हणाली. सगुणाने तिच्याकडे रागाने पाहिलं. डॉक्टरणीने मात्र खुर्ची पुढे ओढली.

"आधी तोंड, मग अंग? आणि हे मला आज सांगता?" तिने दिवा लावून तोंड पाहिलं. मग फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर अंगठा ठेवून तो जरा दाबून सरकवला. वरचा पापुद्रा ओल्या कागदासारखा अंगठ्याबरोबर सरकला.

सगुण बघतच राहिला. दुखलं म्हणून नव्हे. हे त्याने हजार वेळा पाहिलं होतं, डिचोलीच्या जत्रेत, श्रीनाथाच्या टोपलीत.

"थर सुटलो," तो म्हणाला.

"अगदी. आता तो कुठून सुटला ते बघायचं."

"कुठून म्हणजे? थर थरातनाच फाटलो, की आख्खो थर काडीवरना सुटलो?"

डॉक्टरणीने गौरवीकडे पाहिलं. गौरवीने खाज्याचा धंदा समजावून सांगितला. त्यावर डॉक्टर प्रिया हसली आणि म्हणाली की तिच्या हाताखालच्या पोरांना हे दोन आठवडे समजत नव्हतं. दोन्ही रोग असतात. एकात कातडीच्या वरच्या थरातल्या पेशीच एकमेकींना सोडतात, फोड पातळ येतात, लगेच फुटतात, तोंडही सोलतं. दुसऱ्यात आख्खा थर खालून उचलला जातो, फोड ताठ येतात, बहुधा म्हाताऱ्या माणसांना. बाहेरून बघणारा दोन्हींना फोडच म्हणतो.

"किंवा नागीण म्हणता," सगुण म्हणाला. "किंवा तेल."

मग तिने दोन तुकडे घेतले, तांदळाच्या दाण्याएवढे. एक फोडाच्या कडेचा. दुसरा त्याच्या शेजारच्या, धड दिसणाऱ्या कातडीचा. इथे सगुणाचा जुना स्वभाव जागा झाला.

"चांगली कातडी कित्याक कापतास?"

"फुटलेल्या जागेतला पुरावा धुऊन जातो, काका. शेजारी तो अजून चिकटलेला असतो."

दोन तुकडे दोन वेगळ्या बाटल्यांत गेले, वेगळ्या पाण्यात. रक्तही घेतलं. दहा दिवसांनी निकाल आला. शेजारच्या तुकड्यावर चमकणारं औषध टाकून काचेखाली पाहिलं तेव्हा पेशीपेशीच्या मधल्या फटी हिरव्या उजळल्या होत्या. गौरवीला त्याचा फोटो दाखवला, तिने सासऱ्याला दाखवला. नदीत पसरलेलं जाळं, तसं. रोगाचं नाव पेम्फिगस व्हल्गॅरिस. थर थरातूनच सुटत होता.

"पण सोडता कोण?" सगुणाने विचारलं.

"तुमचंच रक्त. बाहेरच्या रोगजंतूंशी लढायला शरीर जी राखण ठेवतं, ती चुकून घरच्याच पेशींवर उलटते. पेशींना धरून ठेवणारं जे बंधन असतं तेच तोडते."

सगुण म्हणाला, "म्हणजे देवस्थान कमिटी."

मग डॉक्टर प्रिया हसायची थांबली आणि तिने उरलेलं सांगितलं. औषधं नव्हती त्या काळी माणसं याने जात, अंग उघडं पडून, जंतू शिरून. आता गोळ्या आहेत, इंजेक्शनं आहेत, पण ती महिनोन्‌महिने घ्यायची, मध्ये सोडायची नाहीत, दर वेळी येऊन दाखवायचं. साखर वाढेल, म्हणून गोड बंद. पाक चाखणंसुद्धा.

"लागता ह्यां दुसऱ्याक?"

"नाही. स्पर्शाने नाही, खाण्याने नाही, कशानेच नाही."

"ता लिहून द्या. शिक्क्यासकट."

गोळ्यांनी पंधरा दिवसांत नवे फोड थांबले. जुने हळूहळू भरत आले, काळसर डाग ठेवून. तोंड मात्र वेळ घेत होतं, आणि बाहेरून चेहरा पाववाल्या पोदेराच्या उंड्यासारखा फुगला. गाव लगेच म्हणू लागलं की सगुण तब्येतीने सुधारला. बाबली सांगत फिरू लागला की वंश आपण कावेनेच अडवला. दातांच्या डॉक्टराने दाढेचं काही सांगितलं नाही.

माघातल्या जत्रेच्या आदल्या आठवड्यात चूल पेटली. पाक उकळला. सगुणाने सवयीने डाव उचलला आणि हवेत धरून बसला. मालती पदराला हात पुसत उभी होती. तीस वर्षांत त्या पातेल्यात त्याच्याशिवाय कुणाच्या जिभेला मान नव्हता. त्याने डाव पुढे केला, तोंड दुसरीकडे फिरवून.

मालतीने चाखलं. घाई केली नाही. "आलें कमी आसा."

"कमी नाय."

"मग चाखा तुमीच."

आलं घातलं गेलं.

रुद्रेशाने पत्र तीनदा वाचलं, शिक्का उजेडात धरून पाहिला. त्याला हरकत घ्यायला काही सापडेना, तेव्हा त्याने श्रीनाथाला कमानीपाशी हलवलं. सगुण सुरंगीखाली बसला, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून, मुद्दाम. पत्राची झेरॉक्स त्याने प्लॅस्टिकमध्ये घालून खोडाला टांगली होती. ज्या लोकांनी आयुष्यात वाहतुकीची पाटी वाचली नव्हती, ते ती झेरॉक्स शेवटपर्यंत वाचत होते. सगळे बघायला आले होते सगुणाचे हात. पण नुसतं बघून परत कसं जायचं? म्हणून पावशेर खाजं घेत होते. पहिला हारा, भली मोठी टोपली, दुपारीच संपला.

संध्याकाळी रुद्रेश आणि श्रीनाथ दोघे आले. श्रीनाथाच्या हातात त्याच्याच खाज्याची पिशवी. माणूस तसा वाईट नाही, फक्त खाजं वाईट.

"आता बरा आसा मां, सगुणदा?" त्याने पिशवी पुढे केली. "तुमका गोड चलणा नाय म्हणतत. घरच्यांका असूंदे."

सगुणाने पिशवीतून एक काडी उचलली. दिव्याखाली धरली. अंगठा तिच्यावर ठेवला आणि जरासा दाबून सरकवला. गुळाचा आख्खा थर तिळांसकट सुटून मांडीवर पडला.

"रुद्रेश," तो शांतपणे म्हणाला, "ह्येका डॉक्टर प्रियाकडे घेऊन जा. ह्येचो थर काडीवरना सुटता. ता वेगळा दुखणा. आणि वाटेत फोडू नको."

झाडाखालचे सगळे हसले, श्रीनाथही हसला. दोघे कमानीकडे परत गेले. गर्दी पालखीच्या बाजूला सरकली, मालती दुसरा हारा सोडायला मागे वळली. तेवढ्यात सगुणाने इकडेतिकडे पाहिलं, डावा हात मांडीवर घेतला आणि मनगटाच्या वरच्या काळसर डागाशेजारी उजवा अंगठा ठेवला. दाबला. सरकवला.

थर हलला नाही. त्याने पुन्हा एकदा, जरा जोरात, करून पाहिलं.

मग मान वर केली आणि समोर येऊन उभ्या राहिलेल्या बाईला विचारलं, "अर्धो किलो की पाव? आणि बाये, आधी हात बघतलंस की खाजा?"